समासातली आई

दि. ४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर नाही म्हणून तू फुगून बसली असशील. पण खरंच सांगते, इथे पाठ टेकायला फुरसत नाही. यांनी शेवटी मनातलं केलंच. मोठ्या थिएटरच्या समोरचं ते बंद पडलेलं औषधांचं दुकान घेतलं आणि तिथे हॉटेल काढतायत. सुतार, रंगारी, वायरमन एकाच वेळी आत घुसलेत आणि प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाने बोटं मोडतोय. ठमी कॉलेजातून आली की तिथेच जाऊन बसते आणि सगळ्यांना सल्ले देते. अगदी तुझ्यावर गेली आहे.

यांच्या डोक्यात असं आहे की सिनेमा सुटला की लोकांनी सरळ रस्ता ओलांडून आपल्याकडे यावं आणि आत शिरल्यावरही त्यांना सिनेमातच असल्यासारखं वाटावं. भिंतींवर जुन्या परदेशी सिनेमांची चित्रं हवीत. बाजारात नवी छापलेली मिळतात ती आणून लावून बघितली, तर केस कापायच्या दुकानात बसल्यासारखं वाटायला लागलं. तेव्हा मी बोलून गेले की माझ्या ताईकडे पेटी भरून अस्सल माल आहे.

घाबरू नकोस! नुसते फोटो काढून घ्यायचे आहेत. फोटोग्राफर घरी येईल, एकेका पानाचा मोठा फोटो काढेल आणि तुझी मासिकं जशीच्या तशी परत येतील. हात धुऊन, पुसून, मगच हात लावू. लहानपणी तू आधी माझी नखं तपासायचीस आणि मग लांबूनच पान दाखवायचीस, ते मी विसरलेले नाही.

तुझा गुडघा कसा आहे? मशीन पायाने चालवू नकोस, मोटार बसवून घे, असं हे म्हणत होते. तुझ्या उत्तराची वाट बघते. आमच्यावर जीव आहे तो असाच राहू दे.

तुझी,
बेबी


दि. १३ फेब्रुवारी

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. सबंध पत्रभर हॉटेल आणि तळाला माझा गुडघा. त्यावरून पत्र कशासाठी आहे ते कळलं. गुडघा होता तसाच आहे. मोटार बसवली की मशीन माझं ऐकत नाही, आपल्याच मनाने पळतं. जावईबापूंना सांग, काळजीबद्दल आभारी आहे.

आता पेटीचं. रागावू नकोस, पण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी सरळ नाही म्हटलं, मोठ्याने, रिकाम्या खोलीत. एक गिऱ्हाईक पडद्यामागे कपडे बदलत होतं, ते दचकलं.

तू लहान होतीस, तुला सगळं ठाऊक नसेल. मॅडमच्या कपडे शिवायच्या दुकानात मी काजं करायला लागले तेव्हा ही मासिकं गिऱ्हाइकांना नमुने दाखवायला परदेशातून यायची. जुनी झाली की मॅडम त्यांच्या पानांत बटणं बांधून द्यायच्या. मला ते बघवेना. मी मागून घेतली. मग बंदरामागच्या रद्दीवाल्याशी ओळख झाली. बोटीवरचे लोक वाचून टाकून देतात ती मासिकं तो माझ्यासाठी बाजूला काढतो. परवाच त्याने एक अंक ठेवला होता, मधलं जोडपान शाबूत आणि टाचण्यांना गंजही नाही. मी तो फडक्यात गुंडाळून पोटाशी धरून आणला. लोकांना वाटलं असेल बाई मांजराचं पिल्लू घेऊन चालली आहे.

त्यातलं एक अक्षर मला वाचता येत नाही. कुठली नटी, कुठला सिनेमा, काही माहीत नाही. कपडा तेवढा कळतो. म्हणून पानाच्या कडेला, समासात, मी पेन्सिलीने लिहीत गेले. गळा कसा, चुण्या कुठे, पाठ उभी बेतली आहे की तिरकी, उरेब. पोट त्यावर भरलं माझं.

आणि दुसरं म्हणजे आई. ती अंथरुणाला खिळली तेव्हा दुपारी काम ठेवून मी एकेक अंक तिच्यापुढे धरायचे. ती चित्र बघून गोष्ट करायची. त्या टोपीवाल्या नटाला ती मेला लबाड म्हणायची, प्रत्येक अंकात ओळखायची, आणि आज कुणाला फसवतोय म्हणून विचारायची. जिन्यावर उभ्या असलेल्या नटीला बघून म्हणाली होती की हिला खाली कुणी बोलावलेलं नाही, तरी नटूनथटून निघाली आहे. ते सगळं मी समासात लिहून ठेवलंय, मापांच्या शेजारी. आईचं बोलणं दुसरीकडे कुठेच नाही. माझ्याही डोक्यातून हळूहळू निसटतंय.

तरी पाठवते. कारण तू आजवर माझ्याकडे काही म्हणून मागितलं नाहीस आणि ते मला कुठेतरी लागून होतं. पेटी मालमोटारीने येईल. डिंक नको, टाचणी नको, ऊन नको. फोटो झाले की लगेच परत.

ठमीला सल्ले द्यायला शिकवायची गरज नाही, हे वाचून बरं वाटलं. तुम्हा सगळ्यांची आठवण काढत असते.

तुझी,
ताई


दि. २ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पेटी सुखरूप पोचली. उघडली तसा डांबराच्या गोळ्यांचा असा काही भपकारा सुटला की ठमी शिंकून शिंकून बेजार झाली. म्हणाली, मावशीने नट्यांना लोकरीच्या कपड्यांसारखं जपलंय. हे तर खाली फरशीवरच बसले. एकेक पान उलटत होते आणि अरे वा, अरे वा करत होते. यांना असं लहान मुलासारखं झालेलं मी फार दिवसांनी पाहिलं.

फोटोग्राफर आज येतो, उद्या येतो म्हणतोय. लग्नाचे दिवस आहेत, त्याला वेळ नाही. हॉटेल एप्रिलच्या विसाव्या तारखेला उघडायचं ठरलंय. तू यायचंच आहेस. परत जाताना पेटी बरोबर घेऊन जा, म्हणजे तुझ्याही जिवाला स्वस्थता.

घाईत लिहिते आहे, रंगाचा नमुना बघायला बोलावलंय. लोभ कमी करू नकोस.

तुझी,
बेबी


दि. २८ मार्च

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

फोटोग्राफर आला की नाही ते कळवलं नाहीस. तुमच्याकडे हवा दमट आहे. पेटीचं झाकण उघडं राहिलं तर पानं फुगतात, आणि कसर तर वाटच बघत असते. त्याला खरंच वेळ नसेल तर राहू दे, नाही म्हणून सांग. जावईबापूंचं मन मोडेल म्हणून तू गप्प बसशील, तुझा स्वभाव मला माहीत आहे.

मी येते आहे. सकाळच्या गाडीने निघेन. स्वतःसाठी कपडा शिवायला घेतलाय. गडद निळं कापड, साधी कॉलर. लोकांचं शिवता शिवता स्वतःची मापंच विसरले होते. घेतली तर कंबर माझी नाही, दुसऱ्याच कुणाची तरी निघाली. हसू नकोस.

दोन ओळी टाक. तुझं अक्षर दिसलं की बरं वाटतं.

तुझी,
ताई


दि. २४ एप्रिल

चि. सौ. बेबीस,
अ. उ. आ.

मी न सांगता निघून आले त्याबद्दल ठमीजवळ माझ्या वतीने दिलगिरी सांग. तुझ्याजवळ सांगायची की नाही ते अजून ठरलेलं नाही.

मी आत शिरले तेव्हा आधी दिवेच दिसले. प्रत्येक चौकटीवर एकेक छोटा दिवा, अगदी झोकात. समोरच जिन्यावरची नटी. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! किती सुरेख फोटो काढलाय, म्हणून जवळ गेले. आणि तिथे तिच्या खांद्याजवळ टाचणीचं भोक दिसलं. मॅडमनी कधीतरी भिंतीवर टोचली होती, त्याचं. फोटोत भोक येईल, पण भोकाच्या कडेला उसवलेला कागद येत नाही ग. ते पानच होतं. सगळी पानंच होती. मी एकेका टेबलामागे जाऊन बघितलं. जेवणाऱ्यांना वाटलं असेल, ही बाई जागा शोधते आहे. टोपीवाल्या नटाच्या काचेला टेकून एक गृहस्थ सूप पीत होते. तेलकट केसांचा डाग काचेवर उमटला होता. मागे फळी, फळीवर डिंक, डिंकाच्या जोरावर कागदाला आलेले फोड.

कडा नागमोडी कापल्या होत्या, जुन्या घरगुती फोटोंना असतात तशा. तशी कडा पाडणारी दातेरी कात्री मी तुझ्या लग्नात तुला दिली होती. मॅडमनी ती मला दिली होती. तिचा एक दाता बोथट आहे, तिथे कागद तुटत नाही, फाटतो. प्रत्येक पानाला तसं फाटलेलं होतं. माझा हात त्या कात्रीवर किती वर्षं चाललाय, मला का ओळखू येणार नाही?

समास कुठेच नव्हते.

तेवढ्यात तुझ्या यजमानांनी पाहुण्यांना गोळा केलं आणि सांगायला लागले की परदेशांच्या फेऱ्यांत हौसेने एकेक चित्र जमवत गेलो. ते एकदाच गेले होते ना परदेशात, भांडी बनवायची यंत्रं बघायला? मी शेजारीच उभी होते. मग माझी ओळख करून दिली, या आमच्या थोरल्या मेहुणीबाई, शिवणकाम छान करतात. सगळ्यांनी माझ्या कॉलरकडे बघितलं. तू ग्लासांचा ट्रे घेऊन उभी होतीस. माझ्याकडे बघितलंस आणि ट्रे घेऊन आत गेलीस. ट्रेमधले ग्लास भरलेले होते, बेबी. वाटायचे राहिले होते.

मला चित्रं परत नकोत. ती कुणी जमवली हे जावईबापूंना काय सांगायचं ते सांगू दे. समासाच्या पट्ट्या कुठे आहेत एवढंच कळव. चुरगळल्या असल्या तरी चालेल. इस्त्री करीन, जोडीन. ते काम मला येतं.

उत्तर लगेच दे.

ताई


दि. ७ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हे म्हणाले, कारागिरांनी परस्पर कापली असं लिहून टाक. तसं पत्र मी लिहिलंही होतं. पाकिटात घालून परत काढलं. तू दाता ओळखलास, आता खोटं बोलून काय करू?

फोटोग्राफरला कुणी बोलावलंच नव्हतं. पेटी आली त्याच दिवशी हे म्हणाले की फोटोत जुन्या कागदाची ती झाक यायची नाही, खरी पानंच लावू, ताईंना नंतर समजावू. मी नको म्हटलं. भांडले. मग ते म्हणाले की घरातलं हे एकच काम तुझ्या माहेरच्या वस्तूने व्हायचं होतं, तेही तुझ्याकडून होत नाही. मी कात्री घेऊन बसले.

इथपर्यंत तू मला माफ करशील. पुढचं ऐक.

बसले तेव्हा माझं ठरलं होतं की समासाच्या पट्ट्या पाकिटात नीट भरून तुला पाठवायच्या. म्हणून कापता कापता वाचत गेले. आई असं म्हणाली, आई तसं म्हणाली, आईला आज फार हसू आलं, आईने टोपीवाल्याला शिव्या घातल्या. पान उलटावं तिथे तू आणि आई. त्याच दिवसांत ठमी तान्ही होती आणि मी तिला मांडीवर घेऊन तुझ्या पत्रांची वाट बघत असायचे. तुझी पत्रं यायची, आई बरी आहे, येऊ नकोस, तुला प्रवास झेपायचा नाही. बरी आहे! तुम्ही दोघी तिथे दुपारभर सिनेमा बघत होतात आणि मला एवढंच. मी पोचले तेव्हा खोली धुऊन झाली होती आणि आईची गादी उन्हात टाकलेली होती.

आणि मग ते पान आलं. पांढऱ्या मोटारीत बसलेली नटी. समासात तुझं बारीक अक्षर. आईने आज बेबीबद्दल विचारलं. कधी येणार म्हणाली. मी म्हटलं, उन्हाळ्यात.

उन्हाळ्यापर्यंत आई राहिली नाही, ताई.

त्यानंतर मी वाचलं नाही. चराचरा कापत सुटले. पट्ट्या पायाशी पडत होत्या आणि मला इतकं हलकं वाटत होतं की तुला सांगता येत नाही. मग केरसुणी घेतली, सगळ्या लोटल्या आणि केराची गाडी आली तेव्हा स्वतः नेऊन टाकल्या. ठमी विचारत होती काय टाकतेस, मी म्हटलं, चिंध्या.

ती एक पट्टी माझ्याजवळ आहे. ती मी तुला देणार नाही. आईने माझ्याबद्दल विचारलं होतं, ते माझं आहे.

तू उन्हाळ्यात असं का म्हटलंस, ते मात्र मला कधीतरी सांग.

बेबी


दि. ११ जून

प्रिय मावशी,
सा. न. वि. वि.

मला पत्र लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घे. आईला न विचारता लिहिते आहे.

माझं लग्न ठरलं. मुलगा आमच्या कॉलेजातलाच, दातांचा डॉक्टर होतोय. सप्टेंबरात आहे. मेजवानीला मला लांब गाऊन घालायचा आहे आणि तो तू शिवावास अशी माझी फार इच्छा आहे. बाबा म्हणतात मोठ्या दुकानातून आणू. मला दुकानातला नको. मापं सोबत पाठवते आहे, मैत्रिणीने घेतली आहेत, तिने पोट आत ओढायला सांगितलं होतं, म्हणून थोडं सैलच धर.

आई आणि तुझ्यात काय झालं ते मला आता माहीत आहे. मी केराच्या जागेवर जाऊन आले, पण तिथे रोजचं रोज जाळतात. आई हल्ली हॉटेलात पाऊल ठेवत नाही. बाबा विचारतात तेव्हा डोकं दुखतंय म्हणते. बाबांचं म्हणणं की हॉटेल छान चाललंय, मग रडायला काय झालं?

तू येशील ना? तू आलीस तर दोघी बोलाल असं मला वाटतं. माझ्यावर राग धरू नकोस.

तुझी लाडकी (असं तूच म्हणायचीस),
ठमी


दि. ३० ऑगस्ट

चि. सौ. बेबीस,
आशीर्वाद.

या माणसाबरोबर ठमीचा गाऊन पाठवते आहे. तो आमच्या गल्लीतला इस्त्रीवाला, बहिणीकडे चाललाय. त्याला चहा दे, पण गाऊनची पेटी त्याच्या हातातून लगेच काढून घे.

तू विचारलंस त्याचं उत्तर. डॉक्टर म्हणाले होते की आई उन्हाळा काढेल. तू ओली बाळंतीण, अंगात रक्त नाही, गाडीचा प्रवास लांबचा. मला वाटलं उन्हाळ्यात येशील, पोरगी मान धरेल, आईच्या मांडीवर देता येईल. तेच मी तिला म्हटलं. याशिवाय माझ्या मनात आणखी काही होतं का, हे मी तुझं पत्र आल्यापासून स्वतःला विचारते आहे. तुझी खात्री आहे की होतं. असेलही. आई आता सांगायला नाही, आणि तिने जे सांगितलं होतं ते तू केराच्या गाडीत टाकलंस. तेव्हा तुला हवं ते धरून चाल.

ती पट्टी ठेव. तुझीच आहे.

रद्दीवाल्याला मी सांगून आले की यापुढे माझ्यासाठी काही बाजूला काढू नकोस. त्याला वाईट वाटलं. काय चुकलं, दुसरीकडून घेता का, म्हणून विचारत राहिला. मी म्हटलं, डोळ्यांना झेपत नाही. माझ्याकडे राहिलेले थोडे अंक होते ते त्यालाच देऊन टाकले. घरी आले आणि ती जागा रिकामी बघून कापडाचे तागे तिथे रचले. आईचं बोलणं आठवायला बसते कधीकधी. जिन्यावरची आठवते. टोपीवाला आठवतो. पांढऱ्या मोटारीतल्या बाईबद्दल तिने पुढे काही म्हटलं होतं, फार हसलो होतो आम्ही. ते मात्र गेलं. रोज प्रयत्न करते, येत नाही.

मी लग्नाला येणार नाही. ठमीला वेगळं लिहिलंय, गुडघ्याचं कारण दिलंय. तूही तेच सांग. तुझ्या घरी येऊन तुझ्याशी गोड बोलणं मला जमणार नाही आणि पोरीच्या लग्नात कडू बोलायचं नाही.

गाऊन कुठल्या चित्रावरून घेतलेला नाही, माझ्या मनाचा आहे. पाठ उरेब कापली आहे, त्यामुळे टांगून ठेवू नकोस, सैल घडी घालून आडवा ठेव, नाहीतर झोल येईल. इस्त्री उलट्या बाजूने, मधे पातळ फडकं घालून. हुक मानेपासून खाली लावत जायचे, ठमी घाई करेल, तू लाव. मापं पोट आत ओढून घेतली आहेत आणि पोरगी लग्नानंतर भरेलही. म्हणून कंबरेला आणि बाह्यांना आतून माया सोडली आहे. लागेल तेव्हा टीप उसवून वाढवता येईल. जास्तीची दिसते म्हणून कापून टाकू नकोस.

ताई